पूर्वसंकल्प आणि कर्तेपण

एखादे कर्म करण्याचा निश्चय आज व्हावा, त्याची रीत आजच लिहून ठेवली जावी आणि प्रत्यक्ष कर्म मात्र पुढे केव्हातरी, निश्चय करणाऱ्याचे लक्ष भलतीकडे असताना घडावे, तेव्हा त्या कर्माचा कर्ता कोण मानायचा, हा प्रश्न कर्मविचाराइतकाच जुना आहे. परंतु मजकूर-आधारित ईमेल प्रोग्राम आपल्या गरजेप्रमाणे घडवणाऱ्या माणसापुढे तो फार उघडपणे उभा राहतो. युनिक्सच्या परंपरेतला ‘मट’ हा असा एक प्रोग्राम मायकेल एल्किन्स यांनी १९९५ च्या सुमारास लिहिला. त्याचा सारा व्यवहार कळफलकावरून चालतो आणि त्याचे वागणे वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेल्या, साध्या मजकुराच्या एका फाइलवरून ठरते. या फाइलमध्ये ‘सेट’ या आज्ञेने प्रोग्रामचे गुणधर्म ठरवले जातात, ‘मॅक्रो’ने एका कळीला अनेक कृतींची मालिका जोडली जाते, आणि ‘हुक’ने अमुक प्रसंग उद्भवला की अमुक करावे असा नियम घातला जातो.

अशा फाइलला संस्कारांचा लेख म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. न्याय-वैशेषिकांनी संस्काराचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानले; त्यांपैकी भावना म्हणजे अनुभवाने आत्म्यावर उमटणारा आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा. हा ठसा प्रत्यक्ष दिसत नाही, त्याचे अस्तित्व त्याच्या कार्यावरून अनुमानाने जाणावे लागते, आणि म्हणूनच हातून काही चुकीचे घडले की ‘सवयीने झाले’ असे म्हणून माणसाला थोडी सूट मागता येते. मटच्या फाइलमधली सवय मात्र ओळीओळीने वाचता येते, खोडता येते, बदलता येते. जी सवय वाचता येते तिच्याविषयी अशी सूट मागण्याला फारसा आधार उरत नाही.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माला अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत, आणि केवळ स्वतःलाच कर्ता मानणे हे अपक्व बुद्धीचे लक्षण म्हटले आहे. या विवेचनाचा आधार घेऊन मॅक्रोने केलेल्या कृतीचा भार यंत्रावर ढकलणे सोपे आहे. पण ते योग्य नाही. टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात कर्माची योग्यता त्याच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून ठरते असे प्रतिपादन केले, आणि त्या बुद्धीतही कार्याकार्याचा निर्णय करणारी व्यवसायात्मिक बुद्धी वासनेपासून वेगळी काढली. मॅक्रो चालतो त्या क्षणी हा निर्णय होत नसतो; तो मॅक्रो लिहिताना होऊन गेलेला असतो. म्हणून कर्तेपणाचा शोध घ्यायचा तो कळ दाबण्याच्या क्षणात न घेता ओळ लिहिण्याच्या क्षणात घेतला पाहिजे.

येथे एक अडचण उभी राहते. मॅक्रोमध्ये नुसत्या कळी लिहिल्या असतील, तर त्या कळींचे अर्थ नंतर बदलताच मॅक्रोचाही अर्थ बदलतो, आणि ज्याने पत्र जपून ठेवायचे ठरवले होते त्याच्याच शब्दांनी ते भलत्या ठिकाणी जाऊ शकते. यासाठीच मटमध्ये कळीऐवजी कृतीचे नाव कोनी कंसात लिहिण्याची सोय आहे आणि जाणकार तिचाच पुरस्कार करतात, कारण नाव लिहिले की हेतू टिकतो, कळ लिहिली की केवळ अक्षर टिकते. हुकांच्या बाबतीत गोष्ट आणखी सूक्ष्म आहे. धर्मशास्त्रात नैमित्तिक कर्म, म्हणजे ग्रहणासारखे निमित्त घडले असता करावयाचे कर्म, निमित्ताशी बांधलेले असते. टपालपेटी उघडताना चालणारा हुकही तसाच वाटतो. प्रत्यक्षात मात्र त्या पेटीसाठी बदललेला गुणधर्म पेटीतून बाहेर पडल्यावर आपोआप पूर्ववत होत नाही, तो पुढच्या पेटीतही तसाच राहतो. ज्याला मूळ स्थितीत परतायचे असेल त्याने सर्व पेट्यांना लागू पडणारा एक सामान्य नियम आधी लिहावा आणि विशेष नियम त्यानंतर, अशी येथील रीत आहे. निमित्त सरले तरी त्याने लावलेले वळण सरत नाही, हे संस्काराविषयीचे जुने निरीक्षण येथे शब्दशः खरे ठरते.

या प्रोग्रामच्या रचनेतली सर्वांत विचारगर्भ गोष्ट मात्र त्याच्या चतुर्विध गुणधर्मांत आहे. पत्रे कायमची पुसणे, विषय न लिहिलेले पत्र रद्द करणे अशा कृतींना ‘होय’ आणि ‘नाही’ यांखेरीज ‘विचार, कल होयकडे’ आणि ‘विचार, कल नाहीकडे’ अशी आणखी दोन मूल्ये देता येतात. यातून एक महत्त्वाचा भेद मान्य होतो: काही कृतींचा संकल्प आगाऊ करता येतो, काहींचा मात्र त्या त्या वेळी नव्यानेच करावा लागतो, आणि कोणती कृती कोणत्या वर्गात घालायची हा निर्णयही माणसानेच द्यायचा असतो. तथापि प्रश्न विचारला गेला म्हणजे बुद्धी जागी झालीच असे नाही. कल होयकडे असेल तर नुसते एंटर दाबले तरी संमती मिळते, आणि रोज तोच प्रश्न आला की एंटर दाबणे हाच एक संस्कार होतो. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे मॅक्रोमध्ये प्रश्नाचे उत्तरही आधीच लिहून ठेवणे. तसे केल्यास आज कळ दाबणाऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी मॅक्रो लिहिणारा देऊन मोकळा होतो, आणि निर्णयाचा क्षण राखण्यासाठी केलेली व्यवस्थाच निकामी होते.

पत्र पाठवणे आणि पत्र कायमचे पुसणे या दोन कृतींच्या बाबतीत तरी असे उत्तर मॅक्रोत लिहू नये, असा आग्रह धरणे आवश्यक आहे, कारण त्यांतली पहिली दुसऱ्या माणसापर्यंत पोचते आणि दुसरी मागे घेता येत नाही. पुसण्यापुरता मार्ग मटनेच दाखवला आहे: तेथे पत्र आधी केवळ पुसण्यासाठी खुणावले जाते, ती खूण काढूनही टाकता येते, आणि पेटीतले बदल पक्के केले जाईपर्यंत पत्र जागेवरच असते. शेकडो पत्रांवर खुणा करण्याचे कंटाळवाणे काम मॅक्रोने खुशाल करावे. खुणावलेल्या पत्रांवरून एकदा नजर फिरवून ते बदल पक्के करणारी कळ मात्र माणसाने स्वतः दाबावी.