परक्या नगरीतला स्वधर्म

अमेरिकेच्या कायद्यात, जो त्या देशाचा नागरिक नाही अशा प्रत्येक मनुष्याला 'एलियन' ही संज्ञा आहे, आणि ज्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होऊन ज्याला राहण्याचा परवाना मिळाला आहे तो 'वैध' एलियन ठरतो. या संज्ञेचा भाव 'परका' या शब्दात पुरता उतरत नाही, 'उपरा' या शब्दात उतरतो. कारण परका मनुष्य आपल्या घरी परत जाऊ शकतो, उपऱ्याला ते घरही उरलेले नसते. स्टिंग या इंग्रज गायकाने 1987 साली 'नथिंग लाइक द सन' या गीतसंग्रहात 'इंग्लिशमन इन न्यूयॉर्क' हे गीत प्रसिद्ध केले, तेव्हा दफ्तरातला हा रुक्ष शब्द त्याने ध्रुवपदात आणून बसविला आणि ज्या नावाने मनुष्य वगळला जातो तेच नाव अभिमानाने उच्चारण्याजोगे केले. रेगेचा मंद ठेका, तंतुवाद्यांच्या तारा बोटांनी छेडून काढलेले तुटक स्वर, त्यांवरून सहज विहरणारा ब्रॅनफर्ड मार्सालिस यांचा सॅक्सोफोन, आणि मध्येच एखादे दार उघडावे तसे उघडणारे जॅझचे दालन, अशी त्याची रचना आहे. जमैकाचा ताल आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे वादन इंग्रज गळ्याच्या शेजारी येऊन बसले आहे, आणि तिघांपैकी कोणालाही आपले मूळ लपवावेसे वाटलेले नाही.

हे गीत ज्यांच्यावर रचले गेले ते क्वेंटिन क्रिस्प 1908 सालच्या नाताळच्या दिवशी इंग्लंडमधील सटन या गावी जन्मले. आईबापांनी ठेवलेले नाव डेनिस प्रॅट. ते त्यांनी ऐन तारुण्यात टाकले. 1981 साली, म्हणजे वयाची बहात्तर वर्षे उलटल्यावर, ज्या वयात मनुष्य आपली अंथरुणाची जागासुद्धा बदलावयास कचरतो त्या वयात, त्यांनी लंडन सोडून न्यूयॉर्कच्या पूर्व भागातील एका भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड केले. 1985 साली निघालेल्या 'द ब्राइड' या चित्रपटात क्रिस्प आणि स्टिंग या दोघांनी भूमिका केल्या होत्या. तेथून त्यांचा व स्टिंगचा स्नेह जुळला. नागरिकत्वाचे कागद एकदा हाती आले की आपण एखादा गुन्हा करण्यास मोकळे होऊ, कारण मग आपल्याला कोणी हद्दपार करू शकणार नाही, असे क्रिस्प एका भोजनप्रसंगी म्हणाल्याची आठवण स्टिंगने नमूद करून ठेवली आहे. बोलणे थट्टेचे होते; परंतु ज्याला उभ्या आयुष्यात कोणत्याच भूमीने निर्धास्तपणे 'तू येथला' असे म्हटले नाही, त्यालाच अशी थट्टा सुचू शकते, हे मला विसरता येत नाही.

त्यांचे लंडनमधील आयुष्य समजल्यावाचून गीताचा अर्थ लागत नाही. 1930 नंतरच्या लंडनमध्ये मेंदीने रंगविलेले केस, रंगविलेले ओठ आणि नखे घेऊन ते भर दिवसा हमरस्त्याने चालत. पुरुषाने पुरुषावर अनुरक्त होणे आणि त्या अनुरागाप्रमाणे वागणे हा तेव्हा इंग्लंडमध्ये फौजदारी गुन्हा होता. इंग्लंड व वेल्समध्ये त्यातील काही भाग तरी कायद्याने सोडून दिला तो 1967 साली, क्रिस्प अठ्ठावन्न वर्षांचे असताना. तोवर त्यांच्यासारख्या बहुसंख्य माणसांनी जी वाट पत्करली ती लपण्याची होती, आणि त्या माणसांना दोष देण्याचा अधिकार सुरक्षित घरात बसून लिहिणाऱ्या कोणालाही नाही. क्रिस्प यांनी लपणे नाकारले. रस्त्यावरच्या टोळक्यांनी त्यांना अनेकदा मारले. दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभी लष्करी वैद्यकीय तपासणीत त्यांना विकृत ठरवून परत पाठविण्यात आले. युद्धकाळात त्यांच्यावर खटला झाला तेव्हा त्यांनी आपली कैफियत स्वतःच मांडली, आपले रूप तिळमात्र न बदलता मांडली, आणि ते निर्दोष सुटले. उपजीविकेसाठी ते सरकारी अनुदानावर चालणाऱ्या कलाशाळांतून विद्यार्थ्यांपुढे विवस्त्र बसत. 1968 साली निघालेल्या त्यांच्या आत्मचरित्राला 'द नेकेड सिव्हिल सर्व्हंट', म्हणजे नग्न सरकारी नोकर, हे नाव पडले ते यामुळे. 1975 साली जॉन हर्ट यांनी दूरचित्रवाणीवर त्यांची भूमिका केली आणि मग मात्र ज्या देशाने त्यांना मारले तो त्यांना पाहण्यासाठी गर्दी करू लागला.

त्याच इंग्रजांनी आपल्या देशात 1860 च्या दंडसंहितेत 377 वे कलम घालून ठेवले होते, आणि परस्परसंमतीने घडणाऱ्या प्रौढांच्या संबंधांपुरते ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दूर केले तो दिवस 6 सप्टेंबर 2018 हा होता. म्हणून क्रिस्प यांची कथा ऐकताना दूरच्या बेटावरचा वृत्तांत ऐकत असल्याची भावना आपण ठेवू नये. जो दंडुका त्यांच्यावर उगारला होता त्याच लाकडाचा दंडुका आपल्याही कचेऱ्यांत दीडशेहून अधिक वर्षे टांगलेला होता.

आता मूळ प्रश्न. गीताचे आवाहन असे की, लोक काहीही म्हणोत, मनुष्याने आपले स्वत्व सोडू नये. ऐकताना हे इतके स्वच्छ वाटते की त्यातली अडचण लक्षातच येत नाही. स्वत्व न सोडण्यासाठी ते कोणते हे प्रथम ठाऊक असावे लागते. आणि ते ठरवावे कोणी? आपल्याकडे हा प्रश्न 'स्वधर्म' या शब्दाच्या पोटात दडून बसला आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस दुसऱ्याच्या साजऱ्या धर्मापेक्षा स्वतःचा उणा धर्म श्रेयस्कर ठरविला आहे, आणि त्या श्लोकाचा अर्थ शतकानुशतके असा लावण्यात आला की जन्माने ज्याच्या वाट्याला जे कर्म आले तेच त्याचे 'स्व' होय. या अर्थाने पाहता क्रिस्प यांनी स्वधर्म सोडला असेच म्हणावे लागेल, कारण पुरुष म्हणून जन्मलेल्याने जसे दिसावे, चालावे, बोलावे असे वहिवाटीने ठरले होते त्यातले त्यांनी काहीच केले नाही. परंतु त्याच श्लोकाकडे पाहून मला राहून राहून असेही वाटते की वहिवाटीने नेमून दिलेले जे कर्म, तेच क्रिस्प यांच्या लेखी परधर्म होते आणि गीता ज्या भयाविषयी सावध करते ते भय त्या वेषांतरात होते. त्या श्लोकावर ज्यांनी शके 1212 मध्ये मराठीत भाष्य केले ते ज्ञानेश्वर संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतलेल्या पित्याचे पुत्र होते, आणि शुद्धिपत्रासाठी त्यांना व त्यांच्या भावंडांना पैठणची पायपीट करावी लागली असे परंपरा सांगते. समाजाने ज्याला कोणताच धर्म नेमून देण्याचे नाकारले होते, त्याच्या वाणीतून स्वधर्माचा महिमा मराठीत आला, ही गोष्ट आपल्या टीकाकारांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली नाही, असे माझे मत आहे.

पश्चिमेकडे याच उपदेशाचे सर्वांत प्रसिद्ध रूप शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट' नाटकात आढळते. मुलगा परदेशी निघाला असता दरबारी पोलोनियस त्याला स्वतःशी प्रामाणिक राहण्याची शिकवण देतो, आणि पुढच्याच अंकात त्याच मुलाच्या वर्तनाची टेहळणी करण्यासाठी माणूस रवाना करतो. शेक्सपिअरने हा उपदेश अशा तोंडी का घातला असावा, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. मला वाटते, स्वतःशी इमान राखणे हे शब्दाने सांगण्यास अत्यंत सोपे आणि दुसऱ्याला तशी मुभा देणे अत्यंत कठीण, हे त्याने पाहिले होते. जगात पोलोनियसांची संख्या मोठी आहे. 'तू तुझ्यासारखा राहा' असे म्हणणारा बाप मुलगा खरोखरच स्वतःसारखा निघाला की हेर पाठवितो.

स्टिंगचे गीत या बाबतीत पोलोनियसच्या उपदेशाहून पुढे जाते, आणि त्याची थोरवी मी येथेच मानतो. बंड, आरडाओरड, सूड यांचे गुणगान त्यात नाही. विंचेस्टरच्या 1382 साली स्थापन झालेल्या विद्यालयाचे एक जुने बोधवाक्य आहे, ज्याचा आशय असा की माणसाला माणूसपण येते ते त्याच्या आचाराने. ते बोधवाक्य स्टिंगने गीतात गुंफले आहे आणि पौरुषाची व्याख्या शस्त्राकडून काढून सौजन्याकडे सोपविली आहे. मार खाऊनही शिवी न देणारा, अपमानाला हसून उत्तर देणारा, न्यूयॉर्कच्या टेलिफोनच्या यादीत आपला क्रमांक उघड ठेवून ज्याचा फोन येईल त्याच्याशी अदबीने बोलणारा आणि जेवणाचे आमंत्रण देणाऱ्या अनोळखी माणसाकडेही जाणारा हा वृद्ध, आपले वेगळेपण ढालीसारखे पुढे धरीत नव्हता, दिव्यासारखे हाती घेऊन चालत होता. आचार हा शब्द आपण सोवळ्याओवळ्यापुरता संकुचित करून टाकला आहे. वास्तविक आचार म्हणजे, आपल्या मनात काय आहे हे जगाला ज्या एकाच मार्गाने कळू शकते तो मार्ग.

याचा अर्थ क्रिस्प यांचे सर्व बोलणे ग्राह्य होते असा मुळीच नाही. न्यूयॉर्कमध्ये एड्सने तरुण माणसे पटापट मरत असताना त्यांनी त्या रोगाला एक टूम म्हटले, आणि आर्जवे झाली तरी शब्द मागे घेतले नाहीत. समलिंगी अनुरागालाही ते व्याधी म्हणत आणि हक्कांच्या चळवळीपासून फटकून राहत. ज्यांनी आपले मित्र पुरले होते त्यांना त्यांचे हे बोलणे किती झोंबले असेल! मी त्याचे समर्थन करणार नाही. स्वतःशी इमान राखणे आणि सत्य बोलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधलेल्या माणसाला दुसरी आपोआप साधतेच अशी हमी कोणत्याही शास्त्राने दिलेली नाही. किंबहुना जो एकटाच उभा राहावयास शिकला आहे त्याला दुसऱ्यांच्या घोळक्यातले दुःख ऐकू येईनासे होण्याचा धोका अधिक असतो.

आणि तरीही या आयुष्याची सर्वांत विलक्षण बाब अजून सांगावयाची राहिली. अखेरच्या वर्षांत त्यांनी सांगून लिहवून घेतलेले 'द लास्ट वर्ड' हे पुस्तक 2017 साली, त्यांच्या मृत्यूनंतर अठरा वर्षांनी, प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी म्हटले आहे की आपल्याला जन्मभर समलिंगी पुरुष म्हटले गेले ते चुकीचे होते. ज्याला आता पारलिंगी म्हणतात तसे आपण होतो, हा शब्द आपल्याला नव्वदीच्या उंबरठ्यावर भेटला, आणि तारुण्यात शस्त्रक्रियेची सोय असती तर आपण ती आनंदाने करून घेतली असती. (या लेखात मी त्यांच्याविषयी पुल्लिंगी क्रियापदे योजली आहेत ती त्यांच्या हयातीत रूढ होती म्हणून, त्यांचा अखेरचा शब्द वाचल्यानंतर ती लिहिताना माझा हात अडखळतो.) ज्या माणसाला स्वत्वनिष्ठेची मूर्ती म्हणून जगाने गाण्यात गाइले, त्याला त्या स्वत्वाचे नाव गाणे निघाल्यानंतर कित्येक वर्षांनी कळले! मग सत्तर वर्षे त्यांनी इमान राखले ते कशाशी?

ज्याला 'स्व' म्हणतात ती तिजोरीत बंद असलेली सनद नव्हे, की जिचा मजकूर प्रथम वाचावा आणि मग त्याबरहुकूम चालावे. क्रिस्प यांनी मजकूर वाचलेला नव्हता. आज घराबाहेर पडताना ओठ रंगवावयाचे की पुसावयाचे एवढाच प्रश्न रोज सकाळी त्यांच्यापुढे होता, आणि रोज सकाळी त्यांनी भीतीच्या विरुद्ध उत्तर दिले. ज्ञान शेवटी आले. निष्ठा आधी होती. आत्मा ओळखा आणि मग तसे वागा, असा क्रम आपले वेदान्ती सांगतात. या आयुष्यात तो क्रम उलटा लागला आणि तरी वाट चुकली नाही. ज्या पोराला किंवा पोरीला आज आपल्या घरात आपण कोण आहोत हे सांगता येत नाही, कारण त्याला किंवा तिलाच ते अजून उमगलेले नाही, त्यांच्याकडून आईबापांनी आधी नाव मागू नये, आधी त्यांना दाराबाहेर निर्भयपणे पडू द्यावे, एवढी विनंती या निमित्ताने करावीशी वाटते.

21 नोव्हेंबर 1999 रोजी, आपल्या एकपात्री प्रयोगाच्या दौऱ्याच्या पूर्वसंध्येला, मँचेस्टर शहराच्या चॉर्लटन या भागात क्वेंटिन क्रिस्प यांचे निधन झाले. नव्वद वर्षांचे आयुष्य संपले ते इंग्लंडच्या भूमीवर. त्यांच्या इच्छेप्रमाणे फारसा समारंभ न करता दहन झाले, आणि रक्षा विमानाने न्यूयॉर्कला परत नेण्यात आली.