शंकासमाधान : माढ्याचा विठोबा आणि टेलचे पाणी

या खेपेच्या टपालात माढा तालुक्यातून आलेल्या पत्रांचा भरणा अधिक आहे. रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे गाळली असून लांबलेल्या मजकुराचा मथितार्थ तेवढा दिला आहे.

शंका पहिली (एक निवृत्त शिक्षक, माढा) : आमच्या गावच्या विठ्ठलमंदिरातील मूर्ती हीच पंढरपूरची मूळ मूर्ती होय, असे मत डॉ. रा. चिं. ढेरे यांनी मांडले आहे. ते खरे मानावे, तर इतकी वर्षे पंढरपुरास ज्याच्या पायांवर मी डोके ठेवले तो कोण? खोटे मानावे, तर गावच्या देवाशी द्रोह केल्यासारखे वाटते. या पेचातून सुटका कशी करावी?

समाधान : आपल्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, ते आधी विलग करू. पहिला प्रश्न इतिहासाचा. 1659 साली अफझलखानाची स्वारी आली, त्या धामधुमीत पंढरपूरची मूर्ती हलवून माढ्यास दडवून ठेवली होती, अशी परंपरा आहे. आपल्या गावच्या मूर्तीच्या छातीवर अक्षरे कोरलेली आहेत आणि स्कंदपुराणाच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पांडुरंगमाहात्म्यातील वर्णनाशी ती जुळतात, या आधारावर डॉ. ढेरे यांनी आपला निष्कर्ष काढला. ज्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथास 1987 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्या ग्रंथाच्या कर्त्याचे हे मत आहे, आणि ते सर्वांनी मान्य केले असेही नाही, त्याचे खंडन झाले, वादही झडले. अशा प्रश्नाचा निवाडा शिलालेख, पोथ्या आणि दगडाची घडण यांच्या रुजुवातीनेच व्हावयाचा, आणि तो कोणत्याही बाजूने झाला तरी श्रद्धावंताने त्याला भिण्याचे प्रयोजन नाही. संशोधकाचे तोंड बंद करून टिकवावी लागते ती श्रद्धा नव्हे, धास्ती होय.

दुसरा प्रश्न उपासनेचा, आणि त्याचे उत्तर वारकऱ्याच्या वहिवाटीत पूर्वीच मिळालेले आहे. आषाढीच्या गर्दीत ज्याला गाभाऱ्यापर्यंत पोचणे घडत नाही तो कळसाकडे पाहून हात जोडतो आणि आपली वारी पोचली असे मानून समाधानाने परत फिरतो. मूर्ती कोणत्या शतकातली, हा दाखला त्याने कोणाकडे मागितल्याचे ऐकिवात नाही. वाटेत दोन वारकरी भेटले म्हणजे वय, जात आणि हुद्दा न पाहता ते परस्परांच्या पाया पडतात. या दोन गोष्टी ज्या पंथात नित्याच्या आहेत, त्या पंथातील माणसाने ‘मी डोके ठेवले तो कोण’ या शंकेने झोप उडवून घेऊ नये. आपण ज्याला नमस्कार केला तोच तो.

मात्र मूळ मूर्तीच्या या वादात एक अधिक जुना आणि अधिक अवघड प्रश्न झाकून जातो, तो आपणांसारख्या शिक्षकाने मुलांना अवश्य सांगावा. मंगळवेढ्यात गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून ज्यांचा अंत झाला, त्या महार संत चोखोबांची समाधी पंढरपुरास महाद्वारासमोर, म्हणजे देवळाच्या बाहेर आहे. आणि त्यांच्या जातिबांधवांना आत पाऊल टाकण्यास मुभा मिळावी म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत आतली मूर्ती अस्सल होती की नव्हती, याची चौकशी मागाहून होऊ शकेल; पण तिच्यापर्यंत पोचण्यास ज्यांना मज्जाव होता, त्यांच्या बाबतीत आपला व्यवहार अस्सल नव्हता, एवढे निःसंशय आहे.

शंका दुसरी (एक गृहिणी, कुर्डुवाडी) : सायंकाळी हरिपाठास बसते, परंतु ओठ चालतात आणि मन दुधावर, मुलाच्या अभ्यासावर, मोबाईलवर भटकत असते. अशा पाठाने पुण्य लागते की पाप?

समाधान : बाई, पाप तर नाहीच. आपल्या तालुक्यातील अरण गावच्या संत सावतोबांचा दाखला आपणांस घरच्यासारखा उपयोगी पडेल. पंढरी हाकेच्या अंतरावर असून ते वारीस गेले नाहीत, मळ्यातील कामातच त्यांनी विठ्ठल पाहिला, आणि म्हणून आजही आषाढ वद्यात त्यांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यास पांडुरंगाची पालखीच पंढरपुराहून अरणास येते. या कथेचा अर्थ ‘देवपूजा सोडा, काम करा’ इतका स्वस्त काढू नये. मळ्यात दारे धरणाऱ्या माणसाकडे आपण कधी निरखून पाहिले असेल. वाफा भरत आला की खोऱ्याने चिखलाचा गोळा ओढून त्याचे तोंड बांधावयाचे आणि त्याच घटकेस पुढच्या वाफ्याचे तोंड उघडावयाचे. एवढ्यात त्याची नजर बांधावरच्या गप्पांकडे वळली की वरंबा फुटलाच म्हणून समजावे. त्या माणसाला कोणी एकाग्रतेचा उपदेश केलेला नसतो. पाणीच त्याला तो धडा देते. सावतोबांची भक्ती अशा अवधानात मुरलेली होती.

म्हणून दुधाची चिंता असेल तर दूध उतरवूनच पाठास बसावे. मुलाला काही विचारावयाचे असेल तर ते आधी विचारून घ्यावे. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा. इतके करूनही मन गेलेच तर त्याच्यावर फिर्याद न करता ते परत आणावे. आणि एखादे दिवशी पाठ बुडवून आजारी शेजारणीचे दूध तापवावे लागले, तर त्या दिवशी लक्ष मात्र सगळे त्या दुधावर असावे.

शंका तिसरी (सीनाकाठचा एक शेतकरी) : 2025 च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला, त्यात उभे पीक गेले आणि रानातील मातीही खरवडून निघाली. येणारा जाणारा सांगतो, ‘आशावादी राहा, चांगला विचार करा.’ हे ऐकले की अंगाचा तिळपापड होतो. माझे चुकते काय?

समाधान : आपले काही चुकत नाही. ज्याचे काहीच बुडालेले नाही त्याने ज्याचे सर्वस्व वाहून गेले त्याला आनंदी राहण्याची आज्ञा करावी, यात आशावाद नसून सांगणाऱ्याची सुटका करून घेण्याची घाई असते. दुःख ऐकून घेण्यास वेळ लागतो, उपदेश मात्र उभ्या उभ्या करता येतो.

परंतु त्यांच्या शब्दांचा राग आशेवर काढू नका. आपल्याकडे आपत्तीनंतरचा पहिला सरकारी विधी पंचनाम्याचा असतो, आणि माझ्या मते आशेचाही पहिला विधी तोच असावा. किती क्षेत्र गेले, किती माती गेली, विहिरीत गाळ किती भरला, जनावरे कोणती उरली, कर्जाची मुदत केव्हा संपते, हे पाच माणसांसमक्ष कागदावर उतरले म्हणजे नुकसान कमी होत नाही, पण ते मोजले जाते. आणि न मोजलेले दुःख रात्री जेवढे अक्राळविक्राळ दिसते तेवढे मोजलेले दिसत नाही. जो आशावाद पंचनाम्याला भितो तो भ्रम, आणि जी निराशा पंचनामा झाल्यावरही ‘सगळेच गेले’ असे म्हणत राहते तीही एका अर्थी खोटी साक्षच.

आपल्याच तालुक्यातील उजनीचे पाहा. भीमेवरचे हे धरण 1980 साली पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे 117 टीएमसी, आणि त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे 63 टीएमसी, हा मृतसाठा होय. म्हणजे धरण ‘शून्य टक्के’ झाले असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हाही त्याच्या पोटात एवढे पाणी असते. आणि ‘अजून पुष्कळ आहे’ म्हणून ते उपसत सुटलो तर धरण वजा आकड्यांत जाते. 2024 च्या उन्हाळ्यात ते वजा पन्नासाच्याही खाली गेले होते आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात काठोकाठ भरले. यावरून ‘शेवटी सगळे ठीक होते’ असा निष्कर्ष मात्र मी काढणार नाही, कारण त्याच्या पुढच्याच वर्षी सीनेने आपणांस जे दाखविले ते आपण भोगले आहे. निष्कर्ष एवढाच, की आटलेले आणि भरलेले या दोन्ही अवस्थांत आकडा नीट वाचणारा माणूसच पुढची तजवीज करू शकतो, आणि तजवीज करणाऱ्यालाच मी आशावादी म्हणतो. सांत्वनास येणाऱ्यांना यापुढे बसावयास सांगून विचारावे, ‘गाळ उपसायला एक दिवस येता काय?’ जो येईल त्याचा उपदेश ऐकावा.

शंका चौथी (एका कचेरीतील कारकून) : समोर गरजू माणूस उभा असतो, पण एखादा कागद अपुरा असतो. नियम पाळावा तर मन खाते. दया करावी तर नोकरीवर येते. धर्म कोणता?

समाधान : मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपण लहानपणापासून ऐकली असेल. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारातील धान्य रयतेला वाटले आणि बेदरच्या दरबारात त्यांच्यावर बालंट आले, तेव्हा विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन धान्याची रक्कम भरली. या कथेत दयेची थोरवी सर्वच सांगतात. कचेरीतल्या माणसाने त्यातील दोन बारकावे हेरावेत. दामाजीपंतांनी कोठार उघडले ते उजळ माथ्याने, दफ्तरात खाडाखोड करून नव्हे, आणि परिणाम भोगण्याची तयारी ठेवून. दुसरे असे, की प्रत्यक्ष देवानेसुद्धा सरकारचे येणे बुडविले नाही. त्याने ते भरले आणि रीतसर पावती घेतली.

आपणांस कोठार उघडण्याचा अधिकार नाही, तेव्हा इतक्या मोठ्या त्यागाची मागणी आपल्यापाशी कोणी करीत नाही. आपल्या हाती आहे ते इतकेच : कोणता कागद अपुरा आहे हे त्या माणसाला पहिल्याच फेरीत सांगणे, आणि सर्व अपुरे कागद एकदमच सांगणे, लिहिता येत नसेल तर अर्ज लिहून देणे, नियमात वरिष्ठांच्या मर्जीला जागा असेल तेथे शेरा मारून प्रकरण वर पाठविणे. नियम आणि दया यांच्यात झगडा आहे असे जेव्हा आपणांस वाटते तेव्हा दहांतून नऊ वेळा तो झगडा नियम आणि आळस यांच्यातला असतो. उरलेल्या एका वेळी दामाजीपंत आठवावेत.

शंका पाचवी (कालव्याच्या टेलचा, म्हणजे शेवटच्या टोकाचा, एक खातेदार) : पुण्याची घाण आमच्या उजनीत येते, आणि उजनीचे पाणी वरचे लोक मोटारी टाकून ओढतात. आमच्या रानापर्यंत पाळी येतच नाही. भले वागून उपयोग काय?

समाधान : आपली तक्रार सकारण आहे. आपण नमुना नंबर सात भरून पाणी मागता. शेजपाळीच्या रीतीप्रमाणे चारीवरचे भिजवणे शेवटच्या रानापासून सुरू होऊन मुखाकडे यावयाचे. पण रात्रीतून चारी फोडली जाते आणि सकाळी पाटकऱ्याने कोणाला विचारावे हेच त्याला कळत नाही. या अन्यायावर सोसणे हा उपाय नव्हे. पाणीवापर संस्थांना 2005 च्या कायद्याने अधिकार दिले आहेत; आपल्या चारीवर संस्था असेल तर तिच्या सभेस नेमाने बसावे, नसेल तर शेजाऱ्यांना जमवून ती स्थापावी, आणि तक्रार चावडीवर बोलण्याऐवजी कागदावर, तारखेनिशी करावी.

पण ‘भले वागून उपयोग काय’ या आपल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच पत्रात आहे. पुणे आपल्या वर आहे म्हणून पुण्याच्या सांडपाण्याचा आपणांस संताप येतो. तो रास्त आहे. उजनीच्या खाली पंढरपूर आहे, जेथे लाखो माणसे तेच पाणी चंद्रभागेचे तीर्थ म्हणून ओंजळीत घेतात, आणि त्याही खाली औजचा बंधारा आहे, जेथून सोलापूर शहराच्या घशापर्यंत ते जाते. आपल्या गावचे गटार, फवारणीचे रिकामे डबे, मळीचा वास मारणारा ओढा, हे सारे कोणाच्या तरी वरच्या अंगाला आहे. या खोऱ्यात केवळ खालचा असा कोणी नाही. प्रत्येकजण कोणाचा तरी वरचा आहे, आणि वरच्याकडून आपण जे मागतो ते खालच्याला देण्याचे कर्तव्य त्या मागणीतच येते. ते देत असेल त्याच्याच तक्रारीला सभेत वजन येते, कारण त्याच्यावर उलट आरोप करण्यास कोणाला जागा उरत नाही.

तेव्हा येत्या आवर्तनात दोन गोष्टी कराव्यात. आपली पाळी येईल त्या दिवशी रान भिजताच, वेळ उरली असली तरी, दारे बांधून टाकावे आणि पुढच्या खातेदाराला स्वतः जाऊन सांगावे. दुसरी अशी, की सभेस जाताना आपल्याबरोबर आपल्यापेक्षाही खालच्या रानाचा जो मालक असेल त्याला घेऊन जावे, आणि बोलण्याची पाळी आली म्हणजे त्याला आधी बोलू द्यावे.