कैदी कोणाचा?

फ्रीमाँटच्या पोस्टात पार्सल टाकायला गेलात, की अमेरिकेच्या झेंड्याबरोबर एक काळा झेंडा दिसतो. मान खाली घातलेल्या माणसाची आकृती, मागे पहाऱ्याचा मनोरा आणि काटेरी तार. हा युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा झेंडा. व्हिएतनाम युद्धात हरवलेल्यांच्या कुटुंबांनी तो पुढे आणला, आणि २०१९च्या कायद्यापासून पोस्टांवर तो राष्ट्रध्वजासोबत लावावाच लागतो. त्या युद्धातले दीड हजारांहून अधिक अमेरिकन आजही बेपत्ता आहेत. त्यांच्या अस्थी शोधून ओळख पटवायला इथे एक सरकारी खाते आहे.

मंडळी, त्याच सुमाराची एक यादी आपल्याकडेही आहे, १९७१च्या युद्धाची. तिच्यात एक मराठी नाव आहे, फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे. ५ डिसेंबर १९७१ रोजी शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करायला गेलेले त्यांचे विमान परत आले नाही. पकडलेल्या भारतीय वैमानिकांत त्यांच्या नावाशी जुळणारे एक नाव त्याच सुमारास एका पाकिस्तानी वृत्तपत्रात छापून आले. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या राष्ट्रीय विजेत्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षेही झाली नव्हती. वृत्तपत्रातले ते एक नाव हा त्यांचा आधार.

आपल्या कार्यक्रमांत पंगतीला १९७१चा विषय निघाला की कोणीतरी हमखास म्हणते, "९३ हजार कैदी हातात होते, फुकट सोडले. आपली माणसे मिळेपर्यंत धरून ठेवायला हवे होते." ऐकायला बरे वाटते. मला ते पटत नाही.

१९४९च्या जिनिव्हा कराराचे ११८वे कलम अगदी सरळ आहे. प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचे. सौदा झाल्यावर सोडा, असे त्यात लिहिलेले नाही. आपण विनाविलंब सोडले, असेही नाही. शरणागती भारत-बांगलादेशच्या संयुक्त सेनेपुढे झाली, म्हणून ढाक्याची संमती हवी, ही दिल्लीची भूमिका होती. ऑगस्ट १९७३मध्ये दिल्ली करार झाला आणि जनरल नियाझी ३० एप्रिल १९७४ला सीमा ओलांडून गेले. म्हणजे सव्वादोन वर्षांहून अधिक काळ. त्या काळात झेलमच्या कोणा शिपायाची आई वाट पाहत होतीच की! ती आपल्या सरकारच्या हातातले नाणे कशी काय झाली? कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची गोष्ट इतिहासाला धरून आहे की नाही, हा वाद विद्वानांनी घालावा. पण हाती लागलेले माणूस म्हणजे लूट नव्हे, हे आपण मुलांना तीच गोष्ट सांगून शिकवतो. मग ९३ हजारांच्या बाबतीत हिशेब बदलतो कसा?

पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल मात्र आधीच, १ डिसेंबर १९७२ला, वाघा इथे झाली. सहाशेहून अधिक भारतीय परतले. त्यांत दिलीप परुळकर होते. ऑगस्टमध्ये ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून पळाले होते आणि अफगाण सीमेच्या अगदी जवळ, लंडी कोतलला, पकडले गेले. कारण काय, तर त्यांनी लंडी खानाला जायची चौकशी केली. नकाशावरचे ते स्टेशन इंग्रजांच्या काळातच बंद पडलेले! आपल्या सेंटरव्हिलमधल्या अफगाण दुकानदारांच्या मुलखाची वेस तिथून हाकेच्या अंतरावर. असो.

परुळकर परत आले, कारण त्यांचे नाव कैद्यांच्या नोंदीत होते. रेडक्रॉसला ठाऊक होते, छावणीत हजेरी होती. नाव एकदा कागदावर चढले की कैदी जिवंत ठेवावा लागतो आणि परत द्यावा लागतो. २०१९मध्ये अभिनंदन वर्धमान यांची चित्रफीत काही तासांत जगभर गेली आणि तिसऱ्या दिवशी ते वाघ्याला पोहोचले. तांबे यांच्या वाट्याला वृत्तपत्राची एक ओळ आली, आणि पाकिस्तानची अधिकृत भूमिका राहिली, आमच्याकडे कोणी नाही.

माझी तक्रार आहे ती इथे. १ डिसेंबर १९७२ ते ३० एप्रिल १९७४ हे सतरा महिने भारताकडे हजारो कैदी होते आणि वाटाघाटीचे टेबलही मांडलेले होते. कोणालाही ओलीस न ठेवता प्रत्येक बेपत्ता नावापुढे लेखी उत्तर मागता येते: पकडला का, कुठे ठेवला, मेला असेल तर कुठे पुरला? माणसाची किंमत माणसात मागू नये, पण हिशेब मागायला नैतिकतेची आडकाठी नाही. प्रत्यक्षात चाळीस नावांची यादी लोकसभेत मांडली गेली ती एप्रिल १९७९मध्ये. नंतर ५४ हा आकडा रूढ झाला. "युद्धात काही हरवतातच," असे म्हणणाऱ्यांना मी एवढेच विचारीन, की हे वाक्य तुम्ही त्या घरच्या दारात उभे राहून म्हणाल का?

जून २००७मध्ये चौदा नातेवाईकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले गेले. कोणी सापडले नाही. पस्तीस वर्षांनी कोठड्या पाहून काय कळणार? पाहायला हवी होती ती १९७१-७२ची लष्करी दप्तरे. ती अजूनही मागता येतील. तांबे आज हयात असते तर ऐंशीच्या घरात असते, आणि ते हयात नाहीत असे कोणी पुराव्यानिशी सांगितले, तर तेही त्या घराला हवेच आहे.