यू-टर्न लांब पडतो

या आठवड्यात उलट्या दिशेने येताना अडवल्या गेलेल्या वाहनचालकांनी जे खुलासे दिले, त्यांतील 'सगळेच येतात', 'घाई होती' आणि 'सिग्नल बंद होता' हे तीन जुनेच असल्याने त्यांवर शाई खर्च करण्याचे कारण नाही. दखल घ्यावी लागते ती चौथ्याची, कारण तो देणाऱ्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपणापेक्षा चोख हिशेब मांडल्याचे समाधान अधिक असते. 'यू-टर्न लांब पडतो' हा तो खुलासा.

सोसायटीचे गेट समोर, मध्ये दुभाजक आणि वळण पुढच्या सिग्नलला, म्हणजे जाऊन-येऊन फार तर एक किलोमीटर. घाटकोपर ते मुलुंड लालबहादूर शास्त्री मार्गावर काय, किंवा ज्याला 'द्रुतगती' म्हणण्याचे धाडस केवळ सरकारी फलकच करू जाणे त्या पश्चिम महामार्गाच्या बाजूला अंधेरी ते बोरिवली काय, ही भूमिती सर्वत्र सारखीच आहे. वाहने ताशी 20 किलोमीटरने सरकत असतील, तर एका किलोमीटरला तीन मिनिटे लागतात. वाद तेवढ्या तीन मिनिटांचा असतो. खुलासा ऐकणाऱ्याला मात्र यू-टर्न विरारला असावा असे वाटते.

मार्गनिवडीच्या संशोधनात, म्हणजे उपलब्ध रस्त्यांपैकी प्रवासी कोणता घेतो व का घेतो याच्या अभ्यासात, घड्याळातला वेळ आणि मनाला जाणवणारा वेळ वेगळे धरले जातात, आणि ताटकळण्याचे एक मिनिट चालत्या वाहनातल्या मिनिटाहून बरेच जड भरते असे आढळते. यू-टर्नच्या रांगेतली तीन मिनिटे मोठी का वाटतात, याचे उत्तर येथवर मिळते. परंतु आपल्याला सर्वांत जवळचा रस्ता ठाऊक आहे, ही त्या हिशेबी माणसाची खात्रीही तपासण्याजोगी आहे, कारण फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवसांचा संप झाला तेव्हा नाइलाजाने वाट बदललेल्या प्रवाशांच्या नोंदी ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या अभ्यासकांनी तपासल्या, आणि संप मिटल्यावरही सुमारे 5 टक्के प्रवासी नव्या वाटेवरच राहिल्याचे त्यांना दिसले. रोजची वाट हीच उत्तम वाट, असे ते तोवर केवळ सवयीने मानत आले होते.

वळसा म्हणजे काय, हे अंधेरीकरांना लंडनहून शिकावे लागत नाही. 7 नोव्हेंबर 2022 रोजी तिथला रुळांवरचा गोखले पूल बंद झाला आणि 26 फेब्रुवारी 2024 रोजी त्याची एक बाजू उघडेपर्यंत पूर्व-पश्चिम जाणारी वाहने जोगेश्वरीच्या ठाकरे पुलावरून, विलेपार्ल्याच्या कॅप्टन गोरे पुलावरून आणि पाणी भरलेले नसेल तेव्हा अंधेरी सबवेतून फिरत राहिली; पूल उघडला तेव्हा शेजारच्या बर्फीवाला पुलाशी त्याची उंचीच जुळेना, हा विनोद पुन्हा निराळा. त्या पंधरा-सोळा महिन्यांत वळसा लांब पडतो म्हणून कोणी स्कूटर रुळांवरून पलीकडे नेल्याचे ऐकिवात नाही. रुळांवर समोरून लोकल येते आणि ती थांबून वाट देत नाही, रस्त्यावर समोरून येणारा मात्र देतो. खुलाशाचा सगळा डोलारा या परक्या ब्रेकवर उभा आहे.

जॉन ग्लेन वॉर्ड्रॉप या ब्रिटिश संशोधकाने 1952 मध्ये मांडलेले पहिले तत्त्व असे की, प्रत्येक जण स्वतःचा वेळ वाचवणारी वाट शोधत राहतो आणि अखेरीस वापरातल्या सर्व वाटांना सारखाच वेळ लागू लागतो. घाटकोपरहून अंधेरीला निघालेल्याला 'आतला मोकळा रस्ता' आठवडाभरही मोकळा का सापडत नाही, ते यावरून कळते. हा स्वार्थ वॉर्ड्रॉपने गृहीतच धरला होता. परंतु अशा आकडेमोडीत रस्ता म्हणजे दिशा असलेला बाण असतो, आणि बाणाच्या टोकाकडून शिरणारा वाट निवडत नसून समोरच्याची वाट वापरत असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे कलम 184 यालाच धोकादायक चालवणे म्हणते.

याच हिशेबी माणसाला महामार्ग पायी ओलांडणारी, गुडघे दुखणारी बाई दिसली की तो काच खाली करून पादचारी पूल दाखवतो. तोही लांब पडतो, शिवाय त्याला जिने असतात. पण 'लांब' या शब्दावर चाके असणाऱ्यांचाच हक्क असावा.

सामान पोहोचवणाऱ्या मुलांपुढे मात्र हा आक्षेप थोडा नरमतो, कारण त्यांची वाचवलेली मिनिटे त्यांची स्वतःची नसतात. दहा मिनिटांत कोथिंबीर मागवणारे गृहस्थच सोसायटीच्या सभेत उलट्या दिशेच्या स्कूटरींविरुद्ध ठराव मांडतात, तेव्हा दंडाची पावती नेमकी कोणाच्या नावे फाडावी, हे वाहतूक पोलिसालाही सांगता यायचे नाही.

दरम्यान, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालून जुळ्या बोगद्यांचे काम सुरू आहे. त्या सुमारे 12 किलोमीटरच्या रस्त्यालाही कोणी 'द्रुतगती' हे नाव ठेवण्याआधी त्याच्या मुलुंडकडील टोकाला यू-टर्न कुठे येणार, एवढे नकाशावर पाहून ठेवलेले बरे.