कायक, दासोह आणि कीर्द-खतावणी

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर मंद्रूप लागते, आणि त्याच्या भोवतीच्या काळ्या रानात शाळू ज्वारी व ऊस ही दोन पिके शेजारी शेजारी उभी असतात. पैकी ज्वारी पावसाळा सरल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर वाढते, तर ऊस बारा ते अठरा महिने पाणी मागत राहतो. उसात पैसा अधिक, म्हणून संसारी शेतकरी तिकडे वळला तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु ज्या वहीत उसाचे बिल जमा होते त्या वहीत विहिरीचे उपसलेले पाणी कोठेच खर्ची पडत नाही, आणि हेच आपल्या वाणिज्यशिक्षणाचे मूळ वैगुण्य आहे.

व्यवसायनीती हा विषय आपण हिशेबाच्या विषयापासून वेगळा काढून शिकवतो, त्यामुळे विद्यार्थी त्याच्या व्याख्या पाठ करतो आणि नफ्याचे गणित मात्र पूर्वीच्याच रीतीने मांडतो. या भूमीची परंपरा याहून सखोल आहे. बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी सोलापुरात तलाव खोदविला, आणि शिवभक्त शरणांच्या ज्या परंपरेत त्यांचे नाव आदराने घेतले जाते तिने प्रामाणिक श्रमाने चरितार्थ चालविणे यास ‘कायक’, व त्या मिळकतीचा वाटा समाजास अर्पण करणे यास ‘दासोह’ म्हटले. या दोहोंचा क्रम महत्त्वाचा आहे: कमाई शुद्ध नसेल तर दानास प्रतिष्ठा नाही.

2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 अन्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान 2 टक्के रक्कम समाजकार्यास लावावी असे ठरले, आणि 1 एप्रिल 2014 पासून त्याचा अंमल सुरू झाला. ही तजवीज स्वागतार्ह आहे. तथापि तिने दासोहाची सक्ती केली, कायकाची चौकशी केली नाही. नफा मिळविताना नदीत कोणते रंगपाणी सोडले गेले, कोणत्या मजुराचा दाम बुडाला, हे या कलमाच्या कक्षेबाहेरच राहते.

मग हिशेबातच नीती पाहण्याचे शिक्षण द्यावे कसे? सातारा जिल्ह्यातील म्हसवडच्या स्त्रियांनी त्याचे उत्तर दिले आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज, प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याच्या कारणावरून, रिझर्व्ह बँकेने नामंजूर केला. तेव्हा त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या, आणि कोणत्याही रकमेचे व्याज यंत्राविना तोंडी सांगण्याची तयारी त्यांनी दाखविली. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, आणि पुढे ग्रामीण स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाची शाळाही निघाली. म्हसवडसारख्या दुष्काळी मुलखात पाण्याचे मोल आणि कर्जाचा हप्ता यांचा विचार एकाच वेळी करावा लागतो; तेथे नीती हा हिशेबाचाच भाग असतो.

म्हणून सोलापूर जिल्ह्यातील वाणिज्यशाखेच्या अध्यापकांस विनंती आहे, की प्रत्येक विद्यार्थ्याकडून एका एकर उसाचा, एका एकर ज्वारीचा आणि चादर-टॉवेलच्या एका कारखान्याचा जमाखर्च लिहून घ्यावा. त्यात पाणी, माती, सांडपाणी आणि मजुरी यांस स्वतंत्र खाती उघडावीत, आणि ती खाती भरल्यावर उरेल तेवढ्यासच नफा म्हणावे. अशी वही लिहिण्याची सवय ज्या तरुणास लागेल, त्याने उभारलेला उद्योगच या अवर्षणाच्या प्रदेशात पुढील पिढीपर्यंत टिकेल.