सगळेच मानकरी

कोकणात भांडणं दोनच गोष्टींवरून होतात, बांधावरून आणि मानावरून. बांधाचं भांडण तलाठ्याकडून तहसीलदाराकडे आणि तिथून कोर्टात जातं. बाप मेला तरी मुलगा तारखांना हजर राहतो. मानाचं भांडण देवळात राहतं. पालखीला पहिला खांदा कोणाचा, देवाचे तरंग कोणी धरायचे, गाऱ्हाणं कोणी घालायचं, पहिला नारळ कोणाच्या हातात पडायचा, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि तरीही दर दोन-चार वर्षांनी कुठल्या तरी गावातलं देऊळ मानपानाच्या वादात कुलपात जातं. ज्याच्या घराण्याला मान आहे तो चाकरमानी वर्षभर मुंबईत कोणाच्या खिजगणतीत नसला तरी जत्रेच्या रात्री त्याची मान ताठ असते. या मानाला किंमत आहे ती तो शेजाऱ्याकडे नाही म्हणून. सगळ्यांना वाटला तर तो मान उरत नाही.

मी याच किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती घरात वाढलो, त्यामुळे ही हवा माझ्याही अंगात आहे. म्हणूनच बाप्तिस्म्याच्या विधीतली एक गोष्ट मला अजून चक्रावून टाकते. पाणी घालून झालं की फादर तान्ह्या मुलाच्या टाळूला तेल लावतात. त्या तेलाचा अर्थ असा, की हे पोर आता ख्रिस्तासारखंच याजक, संदेष्टा आणि राजा झालं. मूल एखाद्या खलाशाचं असेल, शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचं असेल; तेल तेच आणि शब्दही तेच. पौलाच्या पत्रांत हीच गोष्ट दत्तकाच्या भाषेत येते. तुम्ही चाकर नाही, घरात घेतलेली लेकरं आहात, वारस आहात, देवाला बाप म्हणून हाक मारायचा तुम्हाला हक्क आहे. कोकणातल्या माणसाला वारस म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. सातबाऱ्यावर नाव चढणं म्हणजे काय हे त्याला विचारा. पण प्रत्येक वारसाला पूर्ण हिस्सा मिळतो आणि तरी कोणाचा हिस्सा कमी होत नाही, असा सातबारा त्याने पाहिलेला नसतो. मला वाटतं, ख्रिस्ती जगण्यातली खरी अडचण इथेच आहे. हक्क मिळाला आहे हे पटतं. तो शेजाऱ्यालाही तेवढाच मिळाला आहे हे पचत नाही.

इतिहासानेही आम्हाला सोपं केलं नाही. गोव्यात हा धर्म राज्यसत्तेच्या हाताला धरून आला. नव्या ख्रिस्त्यांना सवलती होत्या, जुन्या धर्मात राहणाऱ्यांवर बंधनं होती, आणि 1560 पासून इन्क्विझिशनचं न्यायालय होतं. आत्मिक अधिकार आणि सरकारी सवलत यांची तिथे अशी गल्लत झाली की वेगळं काय ते सांगणं पुढे कठीण झालं. जातही गेली नाही. बामण, चारडो, सुदीर ही नावं वेदीपर्यंत पोचली. गोव्यातल्या कित्येक कोंफ्रारी, म्हणजे चर्चशी जोडलेली मंडळं, ठराविक जातीपुरत्याच होत्या. म्हणजे गावऱ्हाटीतला मान खुर्सापुढे (क्रुसापुढे) येऊन बसला, फक्त कपडे बदलून.

तेरेखोलच्या खाडीच्या उत्तरेला गोष्ट वेगळी होती. (तेरेखोलचा किल्ला उत्तर तीरावर असूनही गोव्यात आहे, हा नकाशाचा खोडसाळपणा सोडून देऊ.) सावंतवाडीच्या मुलखात, वेंगुर्ल्यात, मालवणात येऊन राहिलेल्या ख्रिस्त्यांच्या पाठीशी कुठलाही ख्रिस्ती राजा नव्हता. ते सावंतांच्या आणि करवीरकरांच्या राज्यातली थोडीथोडकी प्रजा होते. 1812 मध्ये मालवण इंग्रजांकडे गेलं; गोव्यातलं इन्क्विझिशन कायमचं बंद झालं तेही 1812 मध्येच. पण इंग्रज आले म्हणून इथल्या ख्रिस्ती रापणकराचं जाळं भरलं असं काही झालं नाही. श्रद्धेने त्याला जे काही दिलं ते व्यवहारात दाखवता येण्यासारखं नव्हतं. माझ्या मते सिंधुदुर्गातल्या ख्रिस्ती माणसाचं हेच भाग्य. सवलत नसेल तर अधिकार आत्मिकच असावा लागतो. स्वतंत्र धर्मप्रांतसुद्धा आम्हाला मिळाला तो 2005 मध्ये, पुण्यापासून वेगळा होऊन, सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चला कॅथेड्रलचा दर्जा मिळून. तोवर आमचे बिशप घाटावर होते.

हे अधिकार रोजच्या जगण्यात उतरतात म्हणजे काय, हे पाहायचं तर देवाकडे जाण्याच्या हक्कापासून सुरुवात करावी लागते. मालवणी मुलखातल्या माणसाला देवाशी बोलायची एक अस्सल रीत ठाऊक आहे, ती म्हणजे गाऱ्हाणं. ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून मानकरी सुरू करतो, गावावरची इडापिडा, पोराबाळांचं आजारपण, मुंबईला गेलेल्यांची नोकरी, सगळं देवापुढे मांडतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. दशावतारापासून राजकीय सभेपर्यंत त्याची विडंबनं झाली, पण मूळ गाऱ्हाण्यात एक विलक्षण मोकळेपणा आहे. देवाला दटावलंही जातं. आणि मागणं कधीच एकट्यापुरतं नसतं.

आता मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी खुर्सापुढची लादीन, म्हणजे गाऊन म्हटलेली प्रार्थनामाला, पाहा. वाटेच्या कडेचा दगडी खुरीस चुन्याने रंगवलेला, त्याला अबोलीचे नि झेंडूचे हार, खाली मेणबत्त्यांची रांग. त्यातल्या दोन-तीन मेणबत्त्या हिंदू शेजाऱ्यांनी लावलेल्या असतात. मूल तापातून उठलं की त्यांचाही नवस इथे फेडला जातो. एक म्हातारा, शक्यतो सुरात गाणारा, लादीन सुरू करतो. एकेक नाव घेतलं की मागून सगळ्यांचा एकच प्रतिसाद. संपलं की उकडलेले चणे पानावर, आणि ज्यांना चालतं त्यांना पेल्यात थोडी फेणी. परक्या माणसाला लादीन आणि गाऱ्हाणं एकाच गावातली भावंडं वाटतील आणि त्याचं फारसं चुकणार नाही. फरक एकच आहे, पण तो मोठा आहे. लादीन सुरू करायला घराणं लागत नाही. म्हातारा आजारी पडला तर त्याची सून सुरू करते, सून नसेल तर कॉलेजात जाणारी शेजारची पोर. मुंबईत धोबीतलावच्या जेर महालात गोव्यातल्या गावांच्या ज्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांच्या राहण्याच्या जागा, होत्या, तिथे बोटीवर जायची वाट पाहणारे खलाशी संध्याकाळी वेदीपुढे जमून तेर्स, म्हणजे रोझरी, म्हणायचे. तिथे फादर नव्हते, मानकरी नव्हता. पथारीच्या कडेला गुडघे टेकलेले, परगावी अडकलेले पुरुष थेट बापाशी बोलत होते. इब्री लोकांच्या पत्रात कृपेच्या सिंहासनापुढे धीटपणे जायला सांगितलं आहे. ते जाणं याहून वेगळं नसावं.

तरी आम्ही या हक्काचा पुरेसा वापर करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्येच सर्व बाप्तिस्मा घेतलेल्यांच्या समान याजकपणाचा स्वच्छ उल्लेख केला. त्याला साठ वर्षं उलटून गेली, पण घरात कोणी आजारी पडलं की अजून आमचा पहिला प्रश्न ‘फादरांका सांगलंत?’ हाच असतो. फादरांना जरूर सांगावं. पण डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा अधिकार आईलाही आहे, हे आईलाच कोणी नीट सांगितलेलं नसतं.

मग भीती. श्रद्धेचा दुसरा अधिकार म्हणजे भयातून सुटका, आणि इथे आमची परीक्षा वारंवार होते. कोकणात देवचार आहेत, राखणदार आहेत, अमावस्येला न ओलांडायच्या वाटा आहेत. रविवारी मिस्सेला जाऊन कोमुन्यांव, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेणारा माणूस होडीला सलग आठ दिवस मासळी लागली नाही की रात्री गुपचूप भगतगिरी करणाऱ्या घाड्याकडे जातो, हे कोणीही नाकारू नये. 2013 मध्ये राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला, पण कायदा भोंदूला पकडतो, भीतीला नाही. ज्याला बापाचा आधार आहे त्याने कोणाच्या करणीला भ्यायचं, असा प्रश्न आमच्या शामायला, म्हणजे आजीला, विचारला तर ती म्हणायची, ‘भियाक नको, पण मुद्दाम त्या वाटेन कित्याक जावचा?’ हे उत्तर धर्मशास्त्रात बसत नाही. मला मात्र त्यात लबाडी दिसत नाही. विश्वास आणि सावधपणा एकाच घरात नांदतात, आणि एक दुसऱ्याला हळूहळू बाहेर काढतो. त्याला कधी कधी तीन पिढ्या लागतात.

क्षमेचा अधिकार मात्र सगळ्यांत महाग. आमच्या वाडीत दोन घरांत एका माडावरून अबोला होता. माड बांधावरचा, बुंधा एकाच्या हद्दीत, झावळ्या दुसऱ्याच्या कौलांवर. नारळ पाडणारा पाडेली आला की दोन्ही घरं अंगणात उभी राहायची आणि नारळ मोजायची. दोन्ही घरं ख्रिस्ती, दोन्ही रविवारी एकाच मिस्सेला, पण बाकांच्या दोन टोकांना. एका वर्षी इस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे पापकबुलीला, गेलेल्या त्यातल्या एका बाईला म्हणे फादरांनी वेगळं प्रायश्चित्त दिलंच नाही. आधी त्या घरी जाऊन ये, एवढंच सांगितलं. ती गेली. हातात काही न घेता गेली, कारण काही नेलं असतं तर ती भेट झाली असती आणि भेटीचा हिशेब लागला असता. ओसरीवर बसली, पाणी प्याली, ‘येतंय गो’ म्हणून उठली. माडाबद्दल एक शब्द नाही. पुढच्या वेळी पाडेली आला तेव्हा तिच्या घरातून कोणी अंगणात उतरलं नाही. माड अजून तिथेच आहे, आणि हद्द कोणाची हे अजूनही ठरलेलं नाही.

क्षमा झालेल्या माणसाला मोजणी सोडता येते, एवढंच मला त्यातून कळतं. मोजणी सोडणं हे कोकणी माणसासाठी गुडघे टेकण्यापेक्षा कठीण आहे.

मराठीत श्रद्धेने मिळणाऱ्या या अधिकारांवरचा सगळ्यात सच्चा ग्रंथ धर्मशास्त्राचा नाही, तो लक्ष्मीबाई टिळकांचा ‘स्मृतिचित्रे’ आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे नारायण वामन टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाई कित्येक वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या, परत आल्या तेव्हाही सोवळं सांभाळूनच. त्यांचं परिवर्तन प्रवचनातून झालं नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं चालत नाही, हा भेद देवाने केला की माणसाने, या एका प्रश्नापाशी त्या अडल्या, आणि उत्तर मिळताच त्यांच्या स्वयंपाकघरातली रेघ पुसली गेली. बाप्तिस्मा त्यानंतर आला. लेकरूपणाचा अधिकार घागरीवर आणि ताटावर कसा उतरतो, हे त्या पानांत जितकं दिसतं तितकं मला कुठल्याही प्रवचनात दिसलेलं नाही. नवरा कवी, त्यामुळे त्याला आकाश मोठं करायची घाई. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं टिळक म्हणत. अखेरच्या काळात, 1917 मध्ये, मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर टिकलं.

त्याच 1919 मध्ये वेंगुर्ल्यात, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉक्टर गोहीन यांच्या घरी एक मुलगा जन्मला, रॉबर्ट. पुढे तो प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि मग अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. वेंगुर्लेकर त्याचा अभिमान बाळगतात आणि बाळगावाच. पण मला त्याच्या बापाचं जास्त कौतुक वाटतं. मिशनच्या धर्मांतराच्या हिशेबाबद्दल ज्याला जे म्हणायचं ते म्हणावं, मीही म्हणेन. तरी दवाखान्यात नाडी पाहायची तर शिवावं लागतं, आणि त्या काळात कोणाला शिवायचं हा साधा प्रश्न नव्हता.

येशूची द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट मला नेहमी रापणीशी ताडून पाहावीशी वाटते. रापण ओढताना दोराला जो हात लावेल त्याला काही ना काही मासळी मिळते. वाटेने जाणारा पर्यटकसुद्धा चार बांगडे घेऊन जातो. पण जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, पहाटेपासून राबणाऱ्यांचा वेगळा, आणि तो तसा असणं न्याय्य आहे. येशूचा मळेवाला मात्र शेवटच्या तासाला आलेल्याला सकाळपासून खपणाऱ्याइतकंच देतो आणि वर कुरकुरणाऱ्यांना विचारतो, की मी चांगला आहे याचा तुम्हाला का त्रास व्हावा. कुठलाही रापणकर हा हिशेब मान्य करणार नाही. मीही पूर्ण मान्य करू शकलो आहे असं नाही.

आणि हा प्रश्न आता आमच्याच बाकांवर येऊन बसला आहे. ट्रॉलरवर, बागांत, बांधकामांवर काम करायला झारखंड, ओडिशाकडून जी मुलं येतात त्यांत काही ख्रिस्ती असतात. रविवारी ती चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसतात, मराठी प्रार्थना ओठ हलवून म्हणतात, कोमुन्यांवाला सगळ्यांत शेवटी येतात. नव्या कोऱ्या शर्टातली ती मुलं आमच्या शेजारी उभी राहून तोच घास घेतात, आणि मिस्सा संपल्यावर आम्ही ओळखीच्यांशी बोलत अंगणात थांबतो तेव्हा ती सायकली घेऊन निघून गेलेली असतात. तेलाच्या हिशेबाने तीही राजेच.

यंदाच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, बैठकीत एका तरुणाने सुचवलं की मिरवणुकीत मूर्तीला खांदा द्यायला त्यांच्यातल्याही दोघांना बोलवावं. कोणी विरोध केला नाही. फक्त एका काकांनी विचारलं, की मग दरवर्षी खांदा देणाऱ्या घरांपैकी कोणाला थांबायला सांगायचं? त्यावर पाऊण तास चर्चा झाली. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आहे, आणि त्या मुलांना याची कल्पना द्यायचं काम अजून कोणाकडेच नाही.