आयत्या वेळी

पालेगावात मे महिन्यात जेवण जड जाते. अंबरनाथच्या या बाजूला शेतांच्या जागी इमारती आल्या; ऊन होते तसेच राहिले. अशा दिवसांत भाजी पानात पडून राहते आणि कोशिंबीर संपते.

पानात तिची जागा डावीकडे, मीठ-लिंबाच्या शेजारी. उजव्या बाजूने पोट भरते, डाव्या बाजूने तोंडाला चव राहते. घरातही काही माणसे डाव्या बाजूची असतात. ती थोडीच लागतात, पण रोज लागतात. त्यांचे असणे कोणी मोजत नाही. नसणे सगळ्यांना कळते, तेही थोडे उशिरा.

काकडीचे देठाकडचे टोक आधी चाखतात. कडूपणा असलाच तर बहुधा तिथे असतो. याचा कंटाळा केला की एका काकडीपायी सगळे पातेले वाया जाते. शंका वेळेवर घेतली तर तिला सावधपणा म्हणतात. नंतर घेतली तर ती तक्रार ठरते.

काकडी चोचवली, कांदा, टोमॅटो बारीक चिरला, मिरची, कोथिंबीर, दाण्याचे कूट घातले, की काम झाल्यासारखे वाटते. मीठ मात्र बाकी असते. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणी. मीठ लागले की ते सुटते. मीठ आपल्या पदरचे पाणी घालत नाही; आत होते तेच बाहेर काढते. म्हणून ते पाने मांडल्यावर घालायचे. खरे बोलणाऱ्यांनाही हा हिशेब सांभाळता आला, तर निम्मे रुसवे टळतील.

लिंबू बेताने पिळावे. शेवटच्या थेंबासाठी जोर लावला की सालीचा कडवटपणा उतरतो. ज्यांना माणसाकडून सगळेच हवे असते, त्यांच्या वाट्याला हा कडवटपणा हमखास येतो.

संध्याकाळी मुंबईहून बदलापूरकडे निघालेल्या लोकलमध्ये, बायकांच्या डब्यात, मेथी निवडून होते, गवार मोडून होते. पुढच्या दिवसाची अर्धी भाजी घरी पोचण्याआधी तयार असते. कोशिंबीर तशी तयार ठेवता येत नाही. तिला दहा मिनिटे पुरतात, पण ती जेवणाआधीचीच लागतात. माणूस तास द्यायला तयार असतो. नेमकी दहा मिनिटे त्याच्याकडे नसतात.

ताजेपणा साठवता येत नाही, हे लिंबानेही एकदा दाखवले. १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरने स्कर्व्ही हा रोग झालेल्या बारा खलाशांवर सहा निरनिराळे उपाय करून पाहिले. ज्या दोघांना संत्री आणि लिंबू दिले, ते सर्वांत लवकर उठले. पुढे लिंडनेच रस आटवून टिकाऊ करण्याची कृती सुचवली. आटवताना रस टिकला, त्यातला गुण उडाला. जे ताजे असतानाच उपयोगी, ते साठवण्याचा मोह शहाण्यांनाही सुटत नाही.

ब्रिटिश आरमाराने लिंबाचा रस सर्रास द्यायला १७९५ साली सुरुवात केली. उपाय अठ्ठेचाळीस वर्षे माहीत होता. त्यानंतर आरमार वाचले. त्याआधी गेलेले खलाशी गेलेच.